आप्पा, गिटारीला पॉलिश लावू देऊ नका

नोव्हाय, मिशिगन
10 एप्रिल

तीर्थरूप आप्पांना साष्टांग नमस्कार.

काल रात्री बापूचा फोन आला. आखाजीच्या आत घराला चुना मारायचा म्हणून माळा रिकामा केला, त्यात तुमची बेस गिटार निघाली म्हणे. सागवानी कपाटाला पॉलिश करायला माणूस बसलाच आहे, तर गिटारही घासून नव्यासारखी करून घेतो, मग ऑनलाइन लिलावात टाकू, लाखोंना जाईल, असं तो म्हणाला. फोनवर मला ते धड समजावता आलं नाही आणि रात्रभर झोपही लागली नाही. म्हणून हे लिहितोय. बापू छापून तुमच्या हातात देईल.

आधी एवढं करा. पॉलिशवाल्याला सांगा, कपाट कर, खुर्च्या कर, गिटारीला हात लावू नको. पॉलिश पेपर एकदा फिरला की जे गेलं ते गेलं.

बापू किमतीबद्दल म्हणतो ते खोटं नाही. 1951 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणली. त्याआधी बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, उभा धरून वाजवायचा डबल बेस. त्यावर पडदे नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. फेंडरने पडदे, म्हणजे फ्रेट, बसवले, सूर नेमका लागायला लागला, म्हणून नाव प्रिसिजन. तेव्हा ती सुमारे 200 डॉलरला मिळायची. 1960 मध्ये त्याने जॅझ बेस काढली आणि 1965 च्या सुरुवातीला सगळी कंपनी सीबीएस या रेडिओ-टीव्हीवाल्या मोठ्या कंपनीला विकली. त्याआधीचं काम हाताचं आणि नंतरचं घाईचं, अशी वाजवणाऱ्यांची समजूत पक्की आहे. त्यामुळे त्याआधीच्या गिटारींवर सगळ्यांचा डोळा. त्या नव्याने तर बनणार नाहीत.

जुन्या सहा तारांच्या गिटारी आधीच सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेल्या होत्या. बेस स्वस्त राहिली होती, कारण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. आता तिची पाळी आली. ज्यांनी तरुणपणी ते सूर ऐकले ते आज पेन्शनीत आहेत, हातात पैसा आहे. शिवाय लिलाव मोबाइलवर आल्यापासून टोकियोतला माणूस आणि टेक्सासमधला माणूस एकाच लाकडावर बोली लावतात. 2020 मध्ये रोलिंग स्टोन्स बँडचा जुना बेसवादक बिल वायमन याची 1969 ची फेंडर मस्टँग बेस 3 लाख 84 हजार डॉलरला गेली. पण आप्पा, ती किंमत वायमनच्या बोटांची होती. साध्या माणसाच्या गिटारीला किंमत मिळते ती एकाच गोष्टीची: कारखान्यातून जशी निघाली तशीच ती आहे का. मूळ रंग गेला की भाव जवळजवळ निम्म्यावर येतो. रंगाला बारीक तडे गेलेले असोत, कडेचे टवके उडालेले असोत, घेणारा त्यालाच पैसे मोजतो.

हे मला महागात पडून कळलंय. दोन वर्षांपूर्वी मी 1978 ची एक बेस लिलावात घेतली. ‘सगळं मूळचं’ असं लिहिलं होतं. शेवटच्या मिनिटाला बोली चढली, मी भरीला पडलो आणि 3200 डॉलर घालवले. घरी आल्यावर पुढची पट्टी उघडली. आत आवाज कमी-जास्त करायची जी बटणं असतात, त्यांच्या पाठीवर आकडा कोरलेला असतो. माझ्या गिटारीत होता 1378614. पहिले 137 म्हणजे सीटीएस कारखाना, 86 म्हणजे साल, 14 म्हणजे त्या सालातला आठवडा. 1978 च्या गिटारीत 1986 चा माल! पट्टीखालचा रंगही नवा निघाला, नखाने खरवडला तर खाली जुना पिवळा. विकणाऱ्याने हात वर केले. वाईट वाटलं ते पैशापेक्षा याचं, की त्या गिटारीने आधी काय वाजवलं असेल ते सगळं कुणीतरी घासून टाकलं होतं.

आता तुमची. बापूने पाठवलेल्या फोटोवरून मला ती 1960 च्या दशकाच्या शेवटची जपानी वाटते. तिकडच्या कारखान्यांनी त्या काळात निरनिराळ्या नावांनी अशा पुष्कळ गिटारी परदेशी पाठवल्या. त्यांचेही भाव चढलेत, पण लाखो मिळतील ही आशा बापूने सोडावी. तिची हकीकत मला ठाऊक आहे आणि ती कुठल्याही लिलावात सांगता येणार नाही. 1974 ला लोको शेडमधले ते ड्रायव्हरसाहेब ऑस्ट्रेलियाला निघाले, घरातल्या ट्रंका, खुर्च्या, ग्रामोफोन सगळं विकायला काढलं, आणि तुम्ही फिटरच्या पगारातून तीन हप्त्यांत साडेतीनशे रुपये देऊन ही घेतलीत. मग यावल, रावेर, चोपडा, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा. बेसला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर कुठला, अहुजाच्या भोंग्यातूनच वाजवायचात. निवेदक गायकाचं नाव घ्यायचा, ढोलकीवाल्याचं घ्यायचा, तुमचं कधी घेतलेलं मला आठवत नाही. मी स्टेजमागे सतरंजीवर झोपायचो आणि मला फक्त तुमचाच सूर ऐकू यायचा, जमिनीतून, पाठीला.

मागच्या रविवारी मी डेट्रॉइटला मोटाउन या जुन्या रेकॉर्ड कंपनीचं संग्रहालय बघून आलो. साध्या घरातला छोटासा स्टुडिओ. तिथे जेम्स जेमरसन बेस वाजवायचा, उजव्या हाताच्या एकाच बोटाने. तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही, तुमच्यासारखाच. कितीतरी वर्षं तबकड्यांवर त्याचं नाव छापलं नाही. 1983 मध्ये तो वारला, त्याच्या थोडे दिवस आधी त्याची 1962 ची प्रिसिजन चोरीला गेली, ती अजून सापडलेली नाही. आज ती निघाली तर लोक घरं विकून बोली लावतील. मी तिथे उभा होतो आणि मला आपला माळा दिसत होता.

तर आप्पा, माळ्यावर ती परत ठेवू नका. भुसावळचा एप्रिल-मे आणि वर पत्रा, लाकूड तडकेल. मधल्या खोलीत, कूलरच्या झोतापासून लांब, भिंतीला टेकवून ठेवा. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बाकी काही लावू नका. मानेतला स्क्रू कुणालाही पिळू देऊ नका. बापूला सांगा, तारा वर जिच्यावर टेकतात त्या नटापासून खाली जिच्यावर टेकतात त्या ब्रिजपर्यंत टेप लावून मोजायचं, 30 इंच भरतात की 34, आणि मागच्या पट्टीवरचा नंबर उजेडात धरून फोटो काढायचा. विकायची की नाही ते तुम्हीच ठरवा, वाद्य तुमचं आहे. विकायचीच ठरली तर बापूने लिलावात टाकण्याआधी मला विचारावं, मी घेईन, बाजारभावाने.

काकूंना नमस्कार. खापरावरच्या मांड्यांची फार आठवण येते. आखाजीला अंगणात झोका बांधला की मला व्हिडिओ कॉल लावा, आणि जमलं तर त्या दिवशी तिची जाडी तार एकदा वाजवून दाखवा. अ‍ॅम्प्लिफायर नसला तरी चालेल, फोन गिटारीच्या लाकडाला टेकवा.

तुमचा,
राजू