एआरटीच्या गोळीसोबत डाळ-जोंधळाही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

14 नोव्हेंबरला मधुमेह दिन असतो, 1 डिसेंबरला एड्स दिन. दरवर्षी या दोन्ही दिवशी फेऱ्या निघतात, भाषणं होतात, आपल्या अंकातही माहिती छापून येते. पण एचआयव्ही असलेल्या माणसालाही मधुमेह होतो आणि त्याला त्याचं रिकामं, नाहीतर नुसत्या भातानं भरलेलं ताटही कारण असतं, हे या दोन्ही दिवशी मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. म्हणून हे पत्र. मी आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात परिचारिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. जुन्या ओळखीनं अजूनही बायका घरी येतात, पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढून पुढ्यात ठेवतात आणि विचारतात, "सिस्टर, यातली कुठली कधी घ्यायची?" अलीकडे त्या पट्ट्यांत साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्या दिसायला लागल्या आहेत.

सरकारनं एप्रिल 2004 पासून एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी, मोफत द्यायला सुरुवात केली. त्याआधीचे दिवस मी पाहिले आहेत, त्यामुळे या योजनेचं मोल मला कुणी सांगायला नको. तेव्हा तिशीत असलेली आणि उपचार सुरू केलेली माणसं आज पन्नाशीत आहेत, कामाला जातात, नातवंडं खेळवतात. देशात आज सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांतले सगळ्यात जास्त, जवळजवळ 4 लाख, आपल्या महाराष्ट्रात आहेत. हे लोक आता वयाच्या अशा टप्प्यावर आहेत, जिथे साखर आणि रक्तदाब कुणाच्याही मागे लागतात. त्यांच्या मागे मात्र ते जास्त जोरानं लागतात. विषाणू औषधानं दबलेला असला तरी शरीरात आतून एक सौम्य दाह चालू राहतो, त्यानं रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं काम अडतं. सुरुवातीच्या काळात स्टॅव्हुडिन, झिडोव्हुडिन ही औषधं होती. त्यांनी कित्येकांचे गाल बसले, हातपाय काटकुळे झाले आणि चरबी पोटावर गेली. ती औषधं बहुतेकांची बंद झाली तरी शरीरात झालेला तो बदल सगळ्यांच्या बाबतीत पुरता भरून आला नाही. आता डोल्युटेग्रॅवीर आहे. विषाणूवर ते फार चांगलं चालतं, पण त्यावर काहींचं वजन वाढतं आणि थोड्या जणांची साखर गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांतच एकदम चढते. ज्या बाईच्या कमरेचा घेर वाढतो तिला शेजारणी म्हणतात, "तब्येत सुधारली गं तुझी." ती बरं वाटून घेते. साखर कुणी तपासत नाही.

हे झालं औषधाचं आणि आजाराचं. माझा मुद्दा ताटाचा आहे.

शिरोळ, हातकणंगले, करवीर भागात दुसऱ्याच्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला, जाणारी, नवरा गेलेली बाई डोळ्यांसमोर आणा. सकाळी चहा आणि बटर, म्हणजे बेकरीतला कडक पाव. रानात मालकाकडचा चहा, कपात दोन चमचे साखर. दुपारी डब्यात भात, वर पातळ आमटी, त्यात डाळ शोधावी लागते. संध्याकाळी पुन्हा चहा, कारण चहानं भूक मरते. रात्री पोरांना वाढून उरलेला भात, तो मात्र भरपूर, दिवसभराची भूक एकदम भागवायची म्हणून. कोरड्यास असलं तर बटाट्याचं. अंडं बाजाराच्या दिवशी आणि तेही पोरांना. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एखादी वेळ नुसत्या चहावर जाते. रोजगार लागला नाही तर ती वेळ आणखी वाढते.

अशा बाईला उपाशी म्हणायला कुणी तयार होत नाही, कारण ती अंगानं भरलेली दिसते. पण अन्नाची शाश्वती नसणं म्हणतात ते हेच. पोट भरायला जे स्वस्त ते खायचं, आणि स्वस्त काय तर तांदूळ, मैदा, साखर. आपला जिल्हा उसाचा आणि गुळाचा. साखर इथे भुकेवरचा सगळ्यात हाताशी असलेला उपाय आहे. दिवसभर अर्धपोटी राहून रात्री एकदम ढीगभर भात खाल्ला की रक्तातली साखर उसळी मारते. उद्या हजेरी मिळेल का, पोराची फी कशी भरू, घरमालकाला कळलं तर, ही काळजी रात्रंदिवस असते. अशा काळजीत शरीरात जी संप्रेरकं वाढतात तीही साखर वरच ठेवतात. आजार, औषध, ताट आणि काळजी असे चारही भार एकाच शरीरावर पडतात.

एकदा मधुमेह झाला की रिकामं पोट जास्तच घातक ठरतं. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन माणूस जेवला नाही तर साखर एकदम खाली येते. माझ्या माहितीतली एक बाई सकाळी अशी गोळी घेऊन, काही न खाता कामावर गेली आणि बांधावर कोसळली. लोकांना वाटलं ऊन लागलं. कुणीतरी लिंबू-साखरेचं पाणी पाजलं म्हणून ती शुद्धीवर आली. त्यानंतर तिनं भीतीनं साखरेची गोळीच सोडली. काही जण तर जेवण नाही म्हणून एआरटीची गोळीसुद्धा चुकवतात. रिकाम्या पोटी गरम पडतं, मळमळतं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. डोल्युटेग्रॅवीर जेवणाआधी किंवा नंतर कधीही घेता येतं. हे त्यांना पुन:पुन्हा, घाई न करता सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट सांगते, ती डॉक्टरांनीही वाचावी. पुष्कळ लोक एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रातून घेतात आणि साखरेसाठी गावातल्या खाजगी डॉक्टरांकडे जातात. तिथे ते एचआयव्ही सांगत नाहीत. गावभर होईल ही भीती खोटी नाही, मी तसं झालेलं पाहिलं आहे. डोल्युटेग्रॅवीरमुळे मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून या रुग्णांत मेटफॉर्मिन साधारणपणे दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. ज्या डॉक्टरला दुसरी गोळी माहीतच नाही तो 2000 मिलिग्रॅम लिहून देतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही असंच. त्या रिकाम्या पोटी सोबतच घेतल्या तर डोल्युटेग्रॅवीर पोटातून नीट शोषलं जात नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणीसुद्धा एचआयव्ही असलेल्यांत कधी कधी आहे त्यापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून उपाशीपोटी आणि जेवणानंतर अशी दोन्ही वेळची साखर पाहावी लागते.

आता रेशनकडे वळते. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला कुटुंबामागे 35 किलो धान्य मिळतं आणि 2023 पासून ते फुकट आहे. हे धान्य नसतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. पण ते मुख्यतः तांदूळ आणि गहू आहे. डाळ नाही, शेंगदाणा नाही, तेल नाही. अंत्योदय कार्डावर धान्याखेरीज सवलतीत काय मिळतं, तर महिन्याला 1 किलो साखर. ज्या घरात जोंधळ्याची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या होती तिथे आता दोन्ही वेळ भात आहे, कारण दुकानातला जोंधळा गव्हाहून महाग पडतो. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगडच्या डोंगरात नाचणी पिकते. ती शहरातल्या मॉलमध्ये पाकिटात दिसते, पण या कार्डांवर नियमानं येत नाही.

एचआयव्ही असलेल्या पात्र दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना अंत्योदयमध्ये प्राधान्यानं घ्यावं, असं केंद्रानं 2009 मध्येच कळवलेलं आहे. प्रत्यक्षात अडतं कुठे? नवरा वारला की सासरचे बाईला बाहेर काढतात आणि कार्ड सासऱ्याच्या नावावर राहतं. ती माहेरी किंवा इचलकरंजीत भाड्याच्या खोलीत. नाव कमी करून आणायला पुन्हा त्याच उंबऱ्यावर जायचं, ज्या उंबऱ्यावरून तिला हाकललं. कितीजणी जातील? संजय गांधी निराधार योजनेतून महिना 1500 रुपये मिळतात आणि एचआयव्हीबाधित त्यात बसतात. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21 हजार, म्हणजे महिन्याला 1750. तीनशे रुपये हजेरीनं महिन्यात सहा दिवस भांगलायला गेलेली बाई या मर्यादेबाहेर जाते. हा आकडा कुणी खरा धरूच शकत नाही. मग एकतर तलाठ्यापुढे खोटं सांगायचं, नाहीतर पैसे सोडायचे, एवढंच तिच्या हाती उरतं.

क्षयरोगाच्या बाबतीत सरकारला ही गोष्ट केव्हाच पटली आहे. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला 2018 पासून आहारासाठी महिना 500 रुपये मिळत होते, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. शिवाय निक्षय मित्र म्हणून संस्था आणि व्यक्ती धान्य, डाळ, तेलाची टोपली देतात. चांगलं आहे. पण एचआयव्ही असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका मुळात कितीतरी जास्त, त्यात मधुमेह झाला की तो आणखी वाढतो. त्याला क्षय झाल्यावर आहाराचे पैसे द्यायचे आणि होण्याआधी काहीच नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं, ते मला समजत नाही.

माझं मागणं साधं आहे. एआरटी सुरू असलेल्या आणि घरची परिस्थिती बेताची असलेल्या प्रत्येकाला दरमहा तूर किंवा मसूर डाळ, मटकी, हुलगे, शेंगदाणे, तेल आणि तांदळातला काही भाग कमी करून जोंधळा किंवा नाचणी मिळावी. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा या लोकांसाठी तरी वाढवावी. औषध न्यायला येतील तेव्हाच साखर तपासावी आणि तपासणाऱ्यानं एक प्रश्न नक्की विचारावा, "गेल्या महिन्यात घरात काही नाही म्हणून एखादं जेवण चुकलं का?" या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात, जो सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, बाधितांना कल्याणकारी योजनांचा लाभ सुलभपणे मिळावा यासाठी सरकारनं उपाय करावेत असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे मी नवं काहीच मागत नाही.

जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, तालमी आणि मंडळं आहेत. महाप्रसादाला इथे हजारोंच्या पंगती उठतात. 1896-97 च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली होती. त्यांचं नाव घेणाऱ्या या शहराला दरमहा डाळीच्या काही पोत्यांची सोय करणं जड नाही. फक्त एक हात जोडून विनंती. हे धान्य देताना फोटो नकोत, फलक नकोत, वेगळी रांग नको. ज्या दिवशी या मदतीची पिशवी लोकांना ओळखू येईल त्या दिवसापासून ती घ्यायला कुणी येणार नाही. नाव गुप्त ठेवणं ही कायद्यानंही बंधनकारक गोष्ट आहे. औषधाच्या खिडकीवरच साध्या पिशवीत द्या, किंवा कार्डावरच्या धान्यात मिसळून द्या.

तोवर वाचकांपैकी कुणी किंवा कुणाच्या ओळखीचं कुणी दोन्ही प्रकारच्या गोळ्या घेत असेल, तर त्यांनी साखरेच्या गोळ्यांची पट्टी एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवावी. स्वतःच्या मनानं कुठलीही गोळी बंद करू नये. घरात जेवण नसेल त्या दिवशी साखरेच्या गोळीचं काय करायचं, हे आधीच विचारून ठेवावं. ते विचारायला लाजू नये. केंद्रात जाणं जमत नसेल तर 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगता बोलता येतं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कोल्हापूर

(पत्रातल्या बायका ओळखल्या जाऊ नयेत म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)