फोटो उलटा छापलाय, बाबा

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

दादानं पाठवलेले छापखान्याचे चारही फोटो मिळाले. फोनवर सांगितलं असतं, पण बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई मधेच तोडते. म्हणून कागद घेतला.

पहिले तीन ओळखीचेच. खंडेनवमीला झेंडूचा हार घातलेलं छपाईचं ट्रेडल मशीन, कटिंग मशीनपाशी अण्णाकाका, आणि कातरणांच्या ढिगात बसलेली मी, नाकाला शाई. चौथ्यापाशी मात्र अडले. मागे बाबांच्या अक्षरात ‘मी व मशीन, मिरज, 1984’ असं लिहिलंय. पुढं बाबा ट्रेडलवर हात ठेवून उभे, अगदी ताठ. मागं, कडेला अर्धवट कापला गेलेला एक हात. दोन काचेच्या बांगड्या, पदराचा काठ, आणि हातात स्टिक, शिशाच्या अक्षरांचे खिळे ओळीत जुळवायची ती धातूची पट्टी.

हात आईचा, हे लगेच कळलं. पण स्टिक उजव्या हातात! जुळारी स्टिक डाव्या हातात धरतो आणि उजव्या हातानं खणातला खिळा उचलतो, हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. आई काही डावरी नाही. मग बाबांकडे नीट पाहिलं. घड्याळ उजव्या मनगटावर, शर्टाचा खिसा उजवीकडे. फोटो मोठा करून स्टिकमधली ओळ पाहिली, टाइप मोठा होता. मग फोटो डोक्यावर उभा केला आणि चक्क वाचता आलं: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’.

बाबा, तुम्हाला सांगायला नको, पण सांगतेच. स्टिकमध्ये ओळ डावीकडून उजवीकडेच जुळते, फक्त अक्षरं डोक्यावर उभी आणि आरशातल्यासारखी. तिचा फोटो नुसता फिरवला तर अक्षरं उलटीच दिसायला हवीत. ती सरळ दिसली, म्हणजे फोटोवाल्यानं निगेटिव्ह पालथी घालून छापली! पुढच्या गल्लीतून दुकानाच्या पाटीवरची चुकीची वेलांटी पकडणारे तुम्ही, आणि हा फोटो ओसरीवर चाळीस वर्षं टांगलेला.

तेव्हापासून ती ओळ डोक्यातून जात नाही. लग्नसराईत आपल्याकडे ‘चि.’ आणि ‘सौ.’चे खिळे कमी पडायचे, आठवतं? एका पत्रिकेचा जुळवलेला फर्मा मशीनवर असला की दुसरीला ‘चि.’च शिल्लक नसायचे. मग पहिली छापून, खिळे रॉकेलनं पुसून, पुन्हा आपापल्या खणात सोडल्याशिवाय दुसरी जुळायचीच नाही. ते खिळे सोडायला आई बसायची, जेवणं आटोपून, भांडी घासून. डाव्या हातात जुळलेल्या ओळी, उजव्या हातातून एकेक खिळा खणात. टक, टक, टक. खणाकडे ती बघायचीही नाही. माझा पाढा घेता घेता ‘त्र’ कुठल्या कोपऱ्यात आहे हे तिच्या बोटांना माहीत असायचं. एखादा चुकून भलत्या खणात पडलाच, तर सकाळी प्रुफात ‘वधू’ची ‘मधू’ व्हायची आणि बाबा घर डोक्यावर घ्यायचे. उठल्यावर आधी साबणानं हात, मग गुळाचा खडा. शिसं पोटात जातं म्हणून. तो खडा मलाही मिळायचा, मी खिळ्यांना हात न लावताही.

पाहुणे आले की बाबांचं सुरू. मिरजेत 1805 मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली, त्या गावचे आपण! मग मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी. मग मुंबईत पाहिलेलं मोनोचं यंत्र: एकीकडे कळा दाबून कागदाच्या पट्टीला भोकं पाडायची, ती पट्टी दुसऱ्या यंत्रात घालायची, की तिकडं वितळलेल्या शिशातून एकेक कोरा करकरीत खिळा ओळीत येऊन उभा. लायनोचं यंत्र तर अख्खी ओळच ओतायचं, पण त्याच्या कळा नव्वद, आणि आपल्या मराठीला जोडाक्षरं, वेलांट्या, रफार धरून शेकड्यांनी खिळे. साहेबाच्या यंत्राची आपल्या बाराखडीनं कशी जिरवली, हे सांगताना तुमचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आई चहा ठेवता ठेवता एकदा म्हणाली होती, “ते मोनो भाकरीही थापतं का विचारायचंत.” सगळे हसले. मीही हसले होते. बिलबुकावर ‘प्रोप्रायटर’ म्हणून तुमचं नाव, फोटोमागे ‘मी व मशीन’, आणि ती फोटोच्या कडेला कापलेली.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. बरं, थोडं टोचलं तरी चालेल.

कम्प्युटर घ्या, खिळे काढून टाका, असा घोषा मीच लावला होता, तेही विसरले नाही. भंगारवाल्यानं खिळे किलोवर घेतले. वजनकाट्यावर पोतं ठेवलं तेव्हा तुम्ही आत निघून गेलात आणि पैसे आईनं मोजून घेतले. दादा म्हणतो, माळ्यावर खिळ्यांच्या खणांची एक केस अजून आहे, वर जुन्या पत्रावळींची गोणी टाकलेली. ती तशीच राहू दे. कुणाला देऊ नका, बाबा, तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका. दिवाळीत मी येते आणि उतरवते. ‘चि.’ किती उरलेत ते मोजायचंय.

आई, तू एवढंच कर. ती पत्रिका कुणाची होती ते आठवून ठेव. तुला आठवेल, तुला सगळ्यांची आडनावं आणि कुणी पैसे बुडवले तेही आठवतं. बाबांना विचारू नको, ते गीतेपासून सुरू करतील.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची,
धाकटी

ता. क. फोटो सरळ करून नव्यानं छापून घेतलाय, सोबत पाठवते. जुनी फ्रेम या मापाला चालेल. बाबांचं घड्याळ डाव्या हाताला आलं आणि आईची स्टिकही. तिचा उरलेला भाग मात्र निगेटिव्हमध्येच नाही.