बॅटरीतल्या कोबाल्टचा हिशेब मागा

महोदय,

मोबाइल आणि ई-गाड्यांच्या पानभर जाहिरातींत बॅटरी किती तास चालते ते छापलेलं असतं, तिच्यातला कोबाल्ट हा धातू कुठून आला ते कधीच नसतं. जगातला बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोतून येतो. तिथे कोलवेझी परिसरात खाणींनी टाकून दिलेल्या मातीतून मुलं खनिजाचे दगड वेचतात, ओढ्यात धुतात आणि पोती पाठीवर लादून व्यापाऱ्याकडे नेतात. ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’ या मानवी हक्क संघटनेच्या २०१६च्या अहवालात अगदी सात वर्षांच्या मुलांचाही उल्लेख आहे. दिवसभर राबून हाती एक-दोन डॉलर, तेही व्यापारी ठरवेल त्या वजनाने! तोंडाला साधं फडकंही नाही आणि या धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात.

हा माल पुढे चीनमधल्या शुद्धीकरण कारखान्यांत इतर मालात मिसळतो. मग कुठला दगड कुणी वेचला, हे कळणार कसं? कंपन्यांच्या ते पथ्यावरच पडतं. या बालमजुरीवरून पाच बड्या कंपन्यांविरुद्ध २०१९ मध्ये अमेरिकेत दावा झाला. २०२४ मध्ये तो अपिलातही टिकला नाही.

आपल्याकडच्या अनेक ई-गाड्यांत कोबाल्ट नसलेल्या बॅटऱ्या आहेत, हे खरं. पण फोनचं काय? आणि ई-वाहनांना अनुदान देणाऱ्या सरकारने उत्पादकांकडे कच्च्या मालाचा हिशेब मागायला काय हरकत आहे? नुसत्या बहिष्काराने मात्र भागणार नाही. सुट्टीच्या दिवशी दगड वेचून शाळेची फी भरणारी मुलंही तिथे आहेत.

– एक वाचक, ठाणे