निकालासोबत अटीही छापा

संपादक महोदय,

आपल्या क्रीडापानावर एका बुद्धिबळ इंजिनाने (म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमने) दुसऱ्याला 'धूळ चारल्याची' बातमी वाचली. शंभर डाव, ५५ विरुद्ध ४५ गुण, एवढाच तपशील. मी हौसेखातर स्वतःचे इंजिन लिहिते. ते बेताचेच खेळते, पण त्याच्या चाचणीसाठी अशा लढती माझ्या संगणकावर रात्रभर चालू असतात, म्हणून हे पत्र.

अशा लढती लावायला 'क्यूटचेस'सारखी मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा मूळ कोड सर्वांना खुला आहे अशी, साधने आहेत. साधन दोन्ही इंजिने सुरू करते, एकाची चाल दुसऱ्याला कळवते आणि घड्याळ सांभाळते. वेळ संपली किंवा नियमबाह्य चाल आली की डाव गेला. ही सगळी बोलाचाली २००० साली आलेल्या 'यूसीआय' संकेतांनुसार साध्या मजकुरात होते: साधन 'गो' म्हणते, इंजिन विचार करून 'बेस्टमूव्ह' आणि पुढे आपली चाल कळवते. पंचाचे काम, त्यात काय बघायचे, असे वाटेल. पण निकाल इकडचा तिकडे होतो तो इथेच.

डाव लांबू नयेत म्हणून साधनाला एक अट घालता येते. एखादे इंजिन ओळीने काही चाली 'मी अमुक इतका मागे आहे' असे स्वतःच सांगू लागले, की त्याने डाव सोडला असे धरायचे. आता इंजिन मुळातच निराशावादी असेल (माझे आहे), तर वाचवता आला असता असा डावही त्याच्या खात्यावर पराभव म्हणून चढतो. यावर उपाय म्हणून दोन्ही इंजिनांचे मत जुळले तरच डाव संपवा, असेही सांगता येते. बरोबरीच्या अटी वेगळ्याच. साधन मुक्तस्रोत असले की या अटी नेमक्या कशा तपासल्या जातात ते कोणीही वाचून पाहू शकतो. नुसत्या फुकट मिळणाऱ्या बंद साधनात ती सोय नाही.

डावांची सुरुवातही महत्त्वाची. दरवेळी मूळ मांडणीवरून खेळवले तर तेच ते डाव होण्याचा धोका असतो. म्हणून तयार सुरुवातींचा संच देतात आणि प्रत्येक सुरुवात मोहरी बदलून दोनदा खेळवतात. बातमीतल्या लढतीत असे केले होते का, कोण जाणे.

आणि ५५–४५ म्हणजे 'धूळ' नव्हे. निम्मे डाव बरोबरीत सुटले असतील, तर तुल्यबळ इंजिनांतही एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. स्टॉकफिश या नामांकित मुक्तस्रोत इंजिनातला छोटासा बदल स्वीकारण्याआधीही स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवले जातात, आणि संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांच्या क्रमिक चाचणीने (दर टप्प्यावर पुरावा मोजणाऱ्या पद्धतीने) पुरावा पुरेसा ठरेपर्यंत थांबत नाहीत.

डिसेंबर २०१७ आठवा. डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमने स्टॉकफिशविरुद्ध शंभरपैकी २८ डाव जिंकले, ७२ बरोबरीत सुटले. जगभर मथळे झाले. स्टॉकफिशला फक्त एक जीबी हॅश (आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची मेमरी) होता आणि दर चालीला ठरावीक एक मिनिट, म्हणजे अवघड जागी जास्त वेळ घेण्याची मुभाच नाही, हे मथळ्यांत कुठे आले? पुढच्या वर्षी नेहमीच्या घड्याळावर हजार डावांचे निकाल प्रसिद्ध झाले: १५५ विजय, ६ पराभव, बाकी बरोबरी. अल्फाझीरो सरसच ठरला, पण तेव्हा मान्य करायला काही आधार होता.

वाचकांना एवढे कळत नाही, असे कृपया म्हणू नका. क्रिकेटमध्ये नाणेफेक कोणी जिंकली ते आपण न चुकता छापता. इथे वेळ, यंत्र आणि हॅश, सुरुवातींचा संच, डाव संपवण्याच्या अटी आणि साधनाची आवृत्ती एवढे एका चौकटीत सहज मावेल. लढत सुरू करणारी आज्ञाच जशीच्या तशी दिलीत तर उत्तमच. दोन्ही इंजिने उपलब्ध असतील तर मी त्याच रात्री ती माझ्याकडे चालवीन आणि निकाल आपल्याला कळवीन.

– आपली एक वाचक