बाई, तुमचा डबा अजून आमच्याकडेच आहे

नमस्कार बाई,

समोर बोलायला गेले की मला रडूच येतं म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण माझ्यासारखी अजून कुणी घरात पडून असेल तर तिच्या घरच्यांनी तरी वाचावं.

धाकटा झाल्यावर पाच महिने मी नुसती होते. दूध पाजायचं, लंगोट बदलायचे, परत भिंतीकडे तोंड करून पडायचं. सासूबाई म्हणायच्या ओली बाळंतीण आहे, होतं असं, हे कंपनीतून यायचे ते दमलेले, त्यांनाही वाटायचं झोप पुरत नाही म्हणून चिडचिड करते. वाईट कुणीच नव्हतं, पण त्या "होतं असं"मध्ये पाच महिने गेले. बाळ माझ्याकडे बघायचंच नाही, पंख्याकडे बघत राहायचं, आणि मला त्याचंही काही वाटायचं नाही, हे लिहायलासुद्धा नको वाटतंय.

तुम्हाला मात्र दुसरीतल्या पोरीच्या डब्यावरून कळलं. रोज बिस्किटं, तीही तिनंच भरलेली. मधल्या सुट्टीत विचारायची, घरी जाऊन येऊ का, आई उठली का बघते. शनिवारी तुम्ही तिला सोडायला म्हणून आलात, मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, पण तुम्ही खिचडीचा डबा ओट्यावर ठेवलात, बाळाला मांडीवर घेतलंत आणि हळूच म्हणालात, "तिला वाटतंय तिच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं म्हणून आई बोलत नाही." अहो ते पातेलं मला आठवतही नव्हतं! सात वर्षांची पोर दोन महिने ते मनात घेऊन शाळेत येत होती.

टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर तुम्हीच लावून दिलात, फुकट असतो, मराठीत बोलतात, हे मला माहीतच नव्हतं. तिथून सिव्हिलला गेलो. मागच्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न विचारले, शेवटचा होता स्वतःला इजा करून घ्यावी असं मनात येतं का, इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलं म्हणून खरं सांगितलं मी. थायरॉइडही तपासलं. अंगावरचं दूध बंद न करता चालतील अशा गोळ्या दिल्या, फरक जाणवायला तीन आठवडे लागले, आधीचे दोन आठवडे तुम्ही रोज फोन केला नसतात तर मी गोळ्या सोडल्याच असत्या बाई.

तिथल्या मॅडमनी सांगितलं तसं लेकीला जवळ घेऊन सांगितलं, आईला आजार झालाय, तुझ्यामुळे नाही झालेला. तर विचारते, "पातेल्यामुळे पण नाही?"

बाळ आता मी बोलले की पाय झाडून हुंकार देतं. लेक अजूनही रात्री एकदा उठून माझ्याकडे बघून जाते, जाईल ते हळूहळू.

डबा रिकामा कसा पाठवायचा म्हणून राहिलाय. सोमवारी शेंगदाण्याच्या वड्या भरून देते, लेकच आणेल, तिचा पोळीभाजीचा वेगळा असेल.