मेलला ‘दु. ४ वा.’ कळतं का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मेल सेवांची तुलना करणारा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. फुकट जागा कोण किती देतं, जाहिराती कुठे कमी, हे सगळं त्यात आलं. पण आलेल्या मजकुरातून कामाचा तपशील कोणती सेवा हुडकून काढते, हे राहूनच गेलं. तारीख दिसली की कॅलेंडरात टाकण्याची सोय, पत्ता दिसला की नकाशा, पार्सलचा नंबर दिसला की ते कुठवर आलं याची माहिती. रोज मेल उघडणाऱ्याला यातूनच फरक पडतो.

विमानाचं तिकीट काढलं की जीमेल मेलच्या वर वेळ-तारखेची चौकट दाखवतं. लोकांना ती जादू वाटते. प्रत्यक्षात बऱ्याचदा पाठवणारी कंपनीच मेलच्या पोटात, आपल्याला न दिसणारा, ठरलेल्या साच्यातला मजकूर घालते. हा साचा स्कीमा डॉट ऑर्ग या नावानं गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये मिळून आणला आणि २०१३ पासून जीमेल तो मेलसाठी वापरू लागलं. आउटलुकही विमान आणि हॉटेलची आरक्षणं मेलमधून उचलून कॅलेंडरात टाकतं. गुप्ततेवर भर देणाऱ्या प्रोटॉन मेल या सेवेचं उलट आहे. तिथं साठवलेला मजकूर खुद्द कंपनीलाही वाचता येत नाही, मग तिच्या सर्व्हरनं त्यातून तपशील काढायचा कसा? सोय हवी तर मेल यंत्राला वाचू द्यावा लागतो. ते नको असेल तर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘स्मार्ट फीचर्स’ बंद करता येतात.

आमच्या सीमाभागात खरी गंमत पुढेच आहे. एका वाचनालयाचा पत्रव्यवहार मी बघतो. तिथं येणारे मेल माणसांनी हातानं लिहिलेले असतात, त्यांच्या पोटात कसलाच साचा नसतो. यंत्रानं अंदाज बांधायचा, आणि हा अंदाज इंग्रजीत चांगला, मराठीत लंगडा. खानापूरहून व्याख्यानाचं निमंत्रण आलं: ‘रविवार दि. ८ रोजी दु. ४ वा.’ खाली तोच मजकूर इंग्रजीत. इंग्रजी तारखेखाली रेघ उमटली, म्हणजे यंत्रानं ती तारीख म्हणून ओळखली; मराठी ओळ कोरीच. महिना लिहिलाच नव्हता हे मान्य, पण येणारा रविवार कोणता हे आमच्या शिपायालाही कळतं! पत्त्याचीही तीच तऱ्हा. ‘कंग्राळी, मारुती मंदिराच्या मागे’ म्हटल्यावर खुर्द की बुद्रुक, हे पाठवणारा कोण यावरून आपण ओळखतो. यंत्र काय ओळखणार? रेल्वेचा पीएनआरही दहा आकडी आणि मोबाइल नंबरही दहा आकडी. मी वापरतो त्यातली एक सेवा पीएनआरवर बोट ठेवलं की फोन लावू का म्हणून विचारते.

तरी सगळा दोष या कंपन्यांवर ढकलून चालणार नाही. आपल्याकडच्या संस्था निमंत्रण म्हणजे पत्रिकेचा फोटो, असं धरून चालतात. मेलमध्ये ‘सोबत पत्रिका जोडली आहे’ एवढी एकच ओळ, आणि स्थळ, वेळ, पाहुणे सगळं त्या रंगीत चित्रात. अशा मेलमध्ये पुढे शोधायला गेलं तर पाहुण्यांच्या नावानंही काही सापडत नाही. उपाय साधा आहे. तारीख महिना-सालासह मजकुरातच टाइप करावी. ५/६ असं लिहू नये, कारण अमेरिकी पद्धतीनं वाचलं तर ५ जूनचा कार्यक्रम ६ मे ला जातो. पत्त्याबरोबर पिन कोड द्यावा, आणि जमल्यास कॅलेंडरमधूनच निमंत्रण पाठवावं. त्यासोबत जाणारी आयसीएस फाइल, म्हणजे कॅलेंडरातली नोंद असलेली फाइल, जीमेल, आउटलुक, याहू सगळीकडे उघडते. कार्यक्रमाचं नाव त्यात खुशाल मराठीत लिहावं. तारीख-वेळ वेगळ्या रकान्यात जात असल्यानं यंत्राला भाषेचा अंदाज बांधावाच लागत नाही.

पुढच्या वेळी तुलना कराल तेव्हा प्रत्येक सेवेला एक मराठी, एक कन्नड आणि एक इंग्रजी निमंत्रण पाठवून बघा आणि कुठल्या ओळीखाली रेघ आली ते छापा. आणि आपल्या दैनिकाकडून वाचक मेळाव्याचं जे निमंत्रण मेलवर येतं, तेही सध्या नुसतं चित्रच असतं. तेवढं बदलून मिळावं, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
टिळकवाडी, बेळगाव ५९०००६