कोलारची खाण राहूनच गेली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चीनमधल्या 'जूनो' या न्यूट्रिनो (पदार्थातून जवळपास अडथळ्याविना आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) शोधणाऱ्या प्रयोगावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. सातशे मीटर खोली, वीस हजार टन द्रव, ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या नोंदी, सगळी माहिती चोख. खटकला तो शेवट. भारत या क्षेत्रात आता कुठे पाऊल टाकू पाहतोय, असा त्याचा सूर होता. अहो, ते पाऊल साठ वर्षांपूर्वीच पडलं, कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत. आणि त्यामागची मंडळी आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली होती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचो. न्यूट्रिनोचा विषय निघाला की मुलांना अंगठा पुढे करायला लावायचो. नखाएवढ्या जागेतून सूर्याचे साडेसहा हजार कोटींच्या आसपास न्यूट्रिनो दर सेकंदाला आरपार जातात, रात्रीसुद्धा, अख्खी पृथ्वी ओलांडून. "मग सर, ते सापडतात कसे?" हा प्रश्न ठरलेला. उत्तरादाखल मी याच संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ बी. व्ही. श्रीकांतन यांची हकिकत सांगायचो.

श्रीकांतन १९४८ मध्ये संस्थेत आले. १९५१ मध्ये होमी भाभांच्या सांगण्यावरून ते कोलारच्या खाणीत उतरले. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे हवेत तयार होणारे म्युऑन नावाचे कण जमिनीत किती खोल पोचतात, हे मोजायचं होतं. पुढे साठच्या दशकाच्या सुरुवातीला संस्थेतले सहकारी आणि जपानमधल्या ओसाकाचे साबुरो मियाके यांच्या गटाने ही मोजणी आणखी खाली नेली. अगदी तळाच्या जागी दोन महिने यंत्र चालू होतं आणि एकही म्युऑन आला नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनी अशा प्रयोगाला 'फसला' म्हटलं असतं. या मंडळींनी मात्र त्यात संधी पाहिली: इतक्या शांत जागी यंत्रात कशाची नोंद झालीच, तर ते न्यूट्रिनोमुळे असू शकेल.

म्हणून सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर सिंटिलेटर (कण गेला की चमकणारा पदार्थ) आणि कणाचा माग दाखवणाऱ्या निऑन नळ्यांच्या उभ्या भिंती रचल्या. वरून उतरणाऱ्या कणाचा भरवसा नाही, तो वातावरणातला म्युऑन असू शकतो. पण कण आडवा आला तर? तिरका मैलोन्‌मैल खडक भेदून म्युऑन येणं अशक्य. म्हणजे न्यूट्रिनो शेजारच्या खडकावर आदळला आणि तिथेच हा म्युऑन जन्मला. हे आडवे माग १९६५ मध्ये सापडले. एम. जी. के. मेनन, श्रीकांतन, व्ही. एस. नरसिंहम आणि ओसाका व डरहॅम विद्यापीठांतले सहकारी यांचा निबंध त्या ऑगस्टच्या मध्यावर छापून आला. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत काम करणाऱ्या फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाचा निबंध त्यानंतर दोनेक आठवड्यांनी आला. खरं सांगायचं तर त्यांची पहिली नोंद फेब्रुवारीतली, आपल्याआधीची. छपाईत आपण पुढे होतो, एवढंच. उगाच ढोल बडवायचं कारण नाही.

श्रीकांतन १९७५ ते १९८७ या काळात संस्थेचे संचालक होते. त्याच सुमारास कोलारमध्ये प्रोटॉनच्या क्षयाचा, म्हणजे अणुकेंद्रातला प्रोटॉन आपोआप फुटतो का याचा, शोध सुरू झाला. काही घटना 'असाव्यात' अशा वाटल्या, पण जगातल्या मोठ्या यंत्रांनी त्यांना दुजोरा दिला नाही. मला या माणसाच्या कारकिर्दीतला हा भागही तितकाच मोलाचा वाटतो, पण तो कुणी छापत नाही.

आपल्या लेखात तमिळनाडूतल्या थेनीच्या नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेचा उल्लेख एका ओळीत होता. केंद्राने १५०० कोटींच्या या प्रकल्पाला जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली. पन्नास हजार टन चुंबकित लोखंडाचं यंत्र डोंगराच्या पोटात बसवायचं होतं. स्थानिकांचा आणि तमिळनाडू सरकारचा विरोध झाला. विरोध करणाऱ्यांना अडाणी ठरवणं मला पटत नाही. पाण्याची आणि जंगलाची काळजी खोटी नसते. मात्र न्यूट्रिनोमुळे किरणोत्सर्ग पसरेल, ही भीती कुणी तरी वेळेवर आणि त्यांच्या भाषेत दूर करायला हवी होती. जूनोला न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा जो क्रम (कोणता जड, कोणता हलका) शोधायचा आहे, तोच प्रश्न थेनीचाही होता.

कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, पंप थांबले आणि खालचे बोगदे पाण्याने भरले. श्रीकांतन ऑक्टोबर २०१९ मध्ये गेले. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी दोन ओळी काढता आल्या तर पाहावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली